अमेरिकेतील विद्यापीठाचा फुटबॉल संघ वरच्या श्रेणीत जात आहे. याचा भार विद्यार्थ्यांवर कितपत पडतो?

प्रश्न : शहापूरकर (बेळगाव)

सर्वांना नमस्कार. माझ्या मुलीने बेळगावातच अभियांत्रिकीची पदवी घेतली असून अमेरिकेतील एका सरकारी विद्यापीठात एम.एस.साठी तिला प्रवेश मिळाला आहे. शैक्षणिक कर्जाच्या प्रस्तावाला जोडण्यासाठी आम्ही विद्यापीठाचे शुल्कपत्रक मागवले. त्यात शिकवणी शुल्काच्या खाली ‘अनिवार्य शुल्क’ या सदरात आरोग्य केंद्र, ग्रंथालय, बससेवा अशा ओळींबरोबर खेळांसाठीची एक ओळ होती, आणि ती रक्कम ग्रंथालय व बससेवा या दोन्हींच्या बेरजेपेक्षा अधिक होती. मुलगी कोणत्याही संघात खेळणार नाही, तरीही ही रक्कम प्रत्येक सत्रात भरावी लागणार आहे.

त्यानंतर काही दिवसांतच विद्यापीठाकडून सर्व नव्या विद्यार्थ्यांना एक पत्र आले. त्यांचा फुटबॉल संघ एफसीएस या श्रेणीतून एफबीएस या वरच्या श्रेणीत जाणार असल्याची घोषणा त्यात होती आणि हे विद्यापीठाच्या प्रगतीतील मोठे पाऊल असल्याचे म्हटले होते. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर तालमींचे फुटबॉल सामने पाहत मी लहानाचा मोठा झालो, त्यामुळे खेळाबद्दल माझ्या मनात अनास्था मुळीच नाही. मात्र हा हेल्मेट घालून खेळायचा अमेरिकन फुटबॉल आहे आणि त्याची रचना मला ठाऊक नाही. वरच्या श्रेणीत जाणे म्हणजे नेमके काय, ते कोण ठरवते, त्यामुळे पुढील दोन वर्षांत शुल्क वाढण्याची शक्यता किती, आणि पदवीच्या किमतीत त्याने काही फरक पडतो का, हे जाणकारांनी सांगितल्यास आभारी राहीन. घर तारण ठेवून कर्ज घेत असल्याने प्रत्येक ओळीचा अर्थ समजून घेणे मला आवश्यक वाटते.

उत्तर १ : टिळकवाडी ते शार्लट

शहापूरकर काका, नमस्कार. मी मूळचा टिळकवाडीचा असून बऱ्याच वर्षांपासून नॉर्थ कॅरोलिनात राहतो. आपला प्रश्न योग्य आहे आणि तो इथल्या पालकांनाही पडतो.

सर्वप्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण बाकी सारे तिच्यावर अवलंबून आहे. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये गुणतक्त्यात तळाला राहिलेले तीन संघ दरवर्षी खाली जातात आणि खालच्या लीगमधून तीन संघ वर येतात. तिथे वर जाणे मैदानावर कमवावे लागते. अमेरिकन महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये अशी पद्धत नाही. एखादा संघ सलग अनेक वर्षे विजेता ठरला तरी तो आपोआप वर जात नाही आणि सगळे सामने हरला तरी खाली येत नाही. श्रेणी बदलण्याचा निर्णय विद्यापीठाचे अध्यक्ष आणि विश्वस्त मंडळ घेतात, आणि तो मुख्यतः पैशाचा निर्णय असतो.

या खेळांचे नियमन एनसीएए ही संघटना करते. तिच्या डिव्हिजन वन या सर्वोच्च स्तराचे फुटबॉलपुरते १९७८ साली दोन भाग झाले आणि २००६ साली त्यांना एफबीएस व एफसीएस ही आजची नावे मिळाली. अनेक वर्षे एफबीएसच्या संघाला ८५ आणि एफसीएसच्या संघाला ६३ पूर्ण शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती. खेळाडूंच्या दाव्यात २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर, ती स्वीकारणाऱ्या विद्यापीठांसाठी शिष्यवृत्त्यांची मर्यादा जाऊन त्या जागी संघात जास्तीत जास्त १०५ खेळाडू असा नियम आला आहे. दूरचित्रवाणीचे मोठे करार, लाखभर प्रेक्षकांची मैदाने आणि वर्तमानपत्रांचे मथळे हे सारे एफबीएसच्या वाट्याला येते. एफसीएसमध्ये २४ संघांची बाद फेरी होऊन विजेता ठरतो, आणि तिथले सामनेही फार चुरशीचे असतात.

वर जायचे तर आधी एफबीएसमधील एखाद्या कॉन्फरन्सचे, म्हणजे आपसात नियमित सामने खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटाचे, निमंत्रण हवे. ते नसेल तर पुढचे काहीच होत नाही. २०२३ साली एनसीएएने अर्जाचे शुल्क ५ हजार डॉलरवरून थेट ५० लाख डॉलर केले. याशिवाय विद्यापीठाने किमान १६ खेळांचे संघ चालवले पाहिजेत आणि सर्व खेळ मिळून किमान २१० क्रीडा शिष्यवृत्त्यांवर दरवर्षी किमान ६० लाख डॉलर खर्च केले पाहिजेत. या अटी पाहिल्या की असा निर्णय मोठ्या आर्थिक तयारीशिवाय घेता येत नाही, हे लक्षात येईल.

माझ्या राज्यातील अ‍ॅपलाचियन स्टेट या विद्यापीठाचे उदाहरण देतो, कारण हा प्रवास कसा यशस्वी होतो ते त्यातून कळते. ब्लू रिज डोंगररांगांतील बून या छोट्या गावातील या संघाने २००५, २००६ आणि २००७ अशी सलग तीन वर्षे एफसीएसचे विजेतेपद मिळवले. २००७ च्या हंगामाच्या पहिल्याच सामन्यात त्यांनी देशात पाचव्या क्रमांकावर असलेल्या मिशिगनला त्यांच्याच मैदानावर लाखाहून अधिक प्रेक्षकांसमोर ३४-३२ असे हरवले. सामना संपायला अवघे काही क्षण उरले असताना मिशिगनने विजयासाठी मारलेली किक बूनच्या खेळाडूने उडी मारून अडवली. तो क्षण आजही इथल्या दुकानांत चित्रांच्या रूपाने टांगलेला दिसतो. इतके होऊनही ते लगेच वर गेले नाहीत. सन बेल्ट कॉन्फरन्समधून एफबीएसमध्ये त्यांचा प्रवेश २०१४ साली झाला. आधी संघ, मैदान आणि प्रेक्षक तयार झाले व मग श्रेणी बदलली, म्हणून ते टिकले असे माझे मत आहे. आपल्या मुलीच्या विद्यापीठाच्या मैदानावर आजवर किती प्रेक्षक येत होते, हे जरूर पाहा.

उत्तर २ : खानापूरचे पी.डी.

मी एका महाविद्यालयात शारीरिक शिक्षण संचालक होतो, आता निवृत्त आहे. पैशाबद्दल इतर मंडळी लिहितीलच. मला खेळाडूच्या बाजूने बोलायचे आहे, कारण अशा चर्चेत ती बाजू बहुधा राहून जाते.

आपल्याकडे आंतरविद्यापीठ स्पर्धांचे विभाग भूगोलावरून ठरतात. बेळगावची राणी चन्नम्मा आणि विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान ही विद्यापीठे दक्षिण विभागात येतात, तर कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ पश्चिम विभागात. निपाणी आणि कागल ही शेजारची गावे, पण तिथल्या दोन मुलांना आपापल्या विद्यापीठाच्या जर्सीत एकमेकांसमोर उभे राहायचे असेल, तर दोघांच्याही संघांना विभागीय फेरी पार करून अखिल भारतीय फेरी गाठावी लागते. विभाग कुणाच्याही इच्छेने बदलत नाही, पण निदान जिंकले की पुढे जाता येते. जिंकूनही पुढे जाता न येण्याचे दुःख मात्र अमेरिकेत श्रेणी बदलणाऱ्या संघांच्या वाट्याला येते, आणि ते मला फार लागते.

एफबीएसमध्ये जाणाऱ्या संघाला सामान्यतः दोन वर्षांचा संक्रमणकाळ काढावा लागतो आणि त्या काळात हंगामानंतरच्या सामन्यांची दारे त्याला जवळजवळ बंदच असतात. व्हर्जिनियातील जेम्स मॅडिसन विद्यापीठ २०२२ साली सन बेल्टमध्ये आले. पहिल्याच हंगामात त्यांनी आठ सामने जिंकले, पण कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात त्यांना खेळता आले नाही. पुढच्या वर्षी त्यांनी पहिले दहाही सामने जिंकले; विद्यापीठाने नियमातून सवलत मागितली, राज्याचे महाधिवक्ते मध्ये पडले, तरी एनसीएएने नकार दिला. शेवटी पात्र संघांची संख्याच कमी पडल्यामुळे त्यांना एका बोल सामन्यात, म्हणजे हंगामाअखेरच्या मानाच्या सामन्यात, जागा मिळाली. ज्या मुलाचे ते शेवटचे वर्ष होते त्याने कॉन्फरन्सच्या विजेतेपदासाठी कधी खेळायचे? नियम करणाऱ्यांचे म्हणणे असे की, तयारी नसताना कुणी घाईने वर येऊ नये म्हणून ही अट आहे. ते कारण मला समजते, पण त्याची शिक्षा निर्णय घेणाऱ्या विश्वस्तांना होत नाही, ती मैदानावर घाम गाळणाऱ्या वीस-बावीस वर्षांच्या मुलांना होते.

दुसरी गोष्ट प्रशिक्षकाची. जेम्स मॅडिसनला या स्थितीत आणणारे प्रशिक्षक कर्ट सिग्नेटी २०२३ च्या हंगामानंतर इंडियाना विद्यापीठात गेले आणि त्यांच्यामागून अनेक खेळाडूही गेले. २०२१ पासून खेळाडूला एकदा विद्यापीठ बदलले तरी वर्षभर बाहेर बसावे लागत नाही. त्यामुळे छोट्या विद्यापीठाने घडवलेला संघ मोठे विद्यापीठ एका हिवाळ्यात उचलून नेऊ शकते. खालच्या श्रेणीत राहिलेल्या संघालाही हा धोका असतोच, परंतु वर गेल्यावर संघावर साऱ्यांची नजर असते, म्हणून तो वाढतो.

असे असूनही, शहापूरकर, या निर्णयाकडे केवळ खर्च म्हणून पाहू नये अशी माझी विनंती आहे. ज्या छोट्या गावात दुसरे काही घडत नाही तिथे शनिवारी वीस हजार माणसे एकत्र येतात, आणि शेतकऱ्याचा मुलगा शिष्यवृत्तीवर पदवी घेऊन बाहेर पडतो, ही मोठी गोष्ट आहे. आपल्याकडे विभागीय स्पर्धेला जाताना मुलांना रेल्वेच्या आरक्षणाशिवाय रात्र काढताना मी पाहिले आहे. खेळासाठी विद्यापीठ एवढी तरतूद करते याचे मला मनापासून कौतुक वाटते.

उत्तर ३ : निपाणीचा सनदी लेखापाल

पी.डी. सरांच्या भावनेचा मी आदर करतो, पण प्रश्न विचारणाऱ्या गृहस्थांनी घर तारण ठेवले आहे, म्हणून हिशेब स्पष्टपणे मांडणे मला गरजेचे वाटते.

अशा क्रीडा विभागाकडे पैसा तिकिटांतून, देणगीदारांकडून, कॉन्फरन्सच्या दूरचित्रवाणी करारातील हिश्श्यातून, मोठ्या संघाच्या मैदानावर जाऊन खेळण्याबद्दल मिळणाऱ्या ठरावीक रकमेतून, आणि विद्यार्थ्यांचे शुल्क व विद्यापीठाच्या सर्वसाधारण निधीतून येतो. बिग टेन किंवा एसईसी या बलाढ्य कॉन्फरन्समध्ये दूरचित्रवाणीचा हिस्सा इतका मोठा असतो की विद्यार्थ्यांच्या शुल्काची फारशी गरज पडत नाही. नव्याने वर येणाऱ्या विद्यापीठाला मात्र त्या कॉन्फरन्स बोलवत नाहीत. त्याला सन बेल्ट, कॉन्फरन्स यूएसए अशा ठिकाणी जागा मिळते, आणि तिथला हिस्सा त्यामानाने फारच लहान असतो. उरलेली तूट विद्यार्थी आणि विद्यापीठ भरून काढतात. आपल्याला शुल्कपत्रकात दिसलेली ओळ त्या तुटीतूनच आली आहे.

ठरावीक रकमेच्या सामन्यांबद्दल थोडे सांगतो, कारण वर जाण्याच्या समर्थनार्थ हा मुद्दा हमखास मांडला जातो. वर उल्लेखलेल्या २००७ च्या सामन्यासाठी मिशिगनने अ‍ॅपलाचियन स्टेटला ४ लाख डॉलर दिले होते. एफबीएसमध्ये गेल्यावर २०२२ साली त्याच विद्यापीठाला टेक्सास ए अँड एमच्या मैदानावर खेळण्यासाठी १५ लाख डॉलर मिळाले, आणि तो सामनाही त्यांनी १७-१४ असा जिंकला. म्हणजे उत्पन्न वाढते हे खरे आहे. पण एका हंगामात असे एक किंवा दोनच सामने होतात, आणि शिष्यवृत्त्या, प्रशिक्षकांचे पगार, विमानप्रवास व मैदानाचा विस्तार हे खर्च दरवर्षीचे असतात. त्यातच २०२५ च्या तडजोडीनंतर विद्यापीठांना खेळाडूंना थेट मोबदला देता येतो, आणि पहिल्या वर्षासाठी त्याची कमाल मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर होती. छोटी विद्यापीठे एवढी रक्कम देणार नाहीत, पण काही ना काही दिल्याशिवाय चांगला खेळाडू थांबणार नाही.

सगळ्यांचा प्रवास अ‍ॅपलाचियन स्टेटसारखा होत नाही. आयडाहो विद्यापीठ १९९६ साली वर गेले. त्यांचे छत असलेले मैदान सुमारे १६ हजार प्रेक्षकांचे आणि गाव दूरच्या कोपऱ्यात. ज्या सन बेल्टमध्ये ते खेळत होते तिची बहुतेक विद्यापीठे देशाच्या दुसऱ्या टोकाला होती. २०१७ च्या हंगामानंतर सन बेल्टने त्यांना पुढे ठेवले नाही, आणि २०१८ साली ते स्वतःहून एफसीएसमध्ये परतले. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठ २०१२ साली वर गेले तेव्हा त्यांचे घरचे सामने विद्यापीठापासून सुमारे दीडशे किलोमीटर दूर असलेल्या फॉक्सबरोच्या व्यावसायिक स्टेडियमवर होत असत. तिथवर जाऊन सामना पाहणारे विद्यार्थी किती असणार? २०१९ च्या हंगामात त्यांना १२ पैकी एकच सामना जिंकता आला. याउलट आयडाहोच्याच वर्षी, १९९६ मध्ये, त्याच राज्यातील बॉइझी स्टेट वर गेले आणि २००७ च्या जानेवारीत त्यांनी फिएस्टा बोलमध्ये ओक्लाहोमाला ४३-४२ असे हरवले. एकाच राज्यातील दोन विद्यापीठांची ही दोन टोके पाहिली की, भोवतालचे शहर, देणगीदार आणि योग्य कॉन्फरन्स यांना किती महत्त्व आहे ते कळते.

पदवीच्या किमतीबद्दल माझे मत स्पष्ट आहे. फुटबॉलमधील विजयानंतर प्रवेशअर्ज वाढतात, असे बोस्टन कॉलेजच्या १९८४ मधील गाजलेल्या विजयापासून म्हटले जाते, आणि काही प्रमाणात ते होतही असेल. पण तो परिणाम पदवीपूर्व प्रवेशांवर असतो. एम.एस. झालेल्या अभियंत्याला नोकरी देताना कंपनी विभाग, प्रकल्प आणि प्राध्यापक पाहते.

उत्तर ४ : वडगावची विद्यार्थिनी

काका, मी सध्या अशाच एका विद्यापीठात शिकत आहे, जे काही वर्षांपूर्वी वर गेले. ताईला उपयोगी पडेल तेवढेच लिहिते.

खेळांचे शुल्क बहुतेक ठिकाणी क्रेडिटच्या संख्येवर ठरते आणि ठरावीक क्रेडिटनंतर ते पूर्ण लागते. आपल्या व्हिसावर पूर्णवेळ नोंदणी सक्तीची असल्याने, आणि पदव्युत्तर स्तरावर ती बहुधा ९ क्रेडिटची असल्याने, यातून सुटका मिळत नाही. काही विद्यापीठे पदव्युत्तर विद्यार्थ्यांना हे शुल्क कमी लावतात, म्हणून पत्रकात पदवीपूर्व आणि पदव्युत्तर असे वेगळे तक्ते आहेत का ते पाहावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ताईला अध्यापन साहाय्यक किंवा संशोधन साहाय्यकाचे काम मिळाले तर शिकवणी शुल्क माफ होऊ शकते, पण अनिवार्य शुल्के अनेकदा तशीच राहतात. पहिल्या सत्रात माझे शिकवणी शुल्क माफ झाले, तरी खात्यावर मोठी रक्कम बाकी दिसत होती. ओळी तपासल्या तेव्हा त्यात खेळांची रक्कम सर्वांत मोठी निघाली.

त्या पैशांतून घरच्या सामन्यांची तिकिटे विद्यार्थ्यांना वेगळे पैसे न देता मिळतात. शुक्रवारी संध्याकाळीच प्रयोगशाळेजवळचा वाहनतळ रिकामा करण्याची सूचना येते, शनिवारी सकाळपासून तिथे तंबू आणि शेगड्या मांडल्या जातात, बसचे मार्ग बदलतात आणि माणसे आपल्याकडच्या यात्रेसारखी कुटुंबासह येतात. मला खेळातले सुरुवातीला काही कळत नव्हते, पण शेजारी बसलेल्या आजोबांनी प्रत्येक डाव समजावून सांगितला. परक्या गावात पहिल्यांदा आपलेपणा वाटला तो तिथेच, हे मी मोकळेपणाने सांगते. तरीही शुल्काचा विचार त्यापासून वेगळा ठेवावा, कारण सामन्याला जावे की नाही हे आपण ठरवतो आणि शुल्क भरावे की नाही हे आपल्या हातात नसते.

शहापूरकर (बेळगाव)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पी.डी. सरांचे म्हणणे मला पटले आणि निपाणीच्या सरांचा हिशेबही पटला. मुलीशी बोललो, तिचा विभाग चांगला आहे आणि तिथेच जाण्याचा तिचा निश्चय आहे. आता एकच शंका उरली आहे. आयडाहोप्रमाणे एखादे विद्यापीठ खाली परतले, किंवा संघाचा खर्च कमी झाला, तर विद्यार्थ्यांचे शुल्क कमी होते का? आणि पुढच्या दोन वर्षांतील वाढीचा अंदाज आत्ताच घेता येईल का? बँकेला मला एकूण रकमेचा आकडा द्यायचा आहे.

उत्तर ५ : निपाणीचा सनदी लेखापाल

शुल्क सहसा कमी होत नाही, आणि त्याचे कारण बांधकामात आहे. मैदानाचा विस्तार किंवा नवी इमारत उभारताना विद्यापीठ दीर्घ मुदतीचे रोखे काढते, त्यांची परतफेड वीस-तीस वर्षे चालते, आणि अनेकदा त्या परतफेडीसाठी विद्यार्थ्यांचे शुल्क बांधून दिलेले असते. संघ कोणत्याही श्रेणीत खेळो, रोख्यांचा हप्ता थांबत नाही.

वाढीचा अंदाज मात्र घेता येतो. सरकारी विद्यापीठाच्या विश्वस्त मंडळाच्या बैठकांची कार्यक्रमपत्रिका आणि इतिवृत्ते संकेतस्थळावर ठेवलेली असतात, आणि पुढील वर्षाचे शुल्क बहुतेक ठिकाणी वसंत ऋतूतील बैठकीत मंजूर होते. ज्या बैठकीत श्रेणी बदलण्याचा निर्णय झाला तिच्या कागदपत्रांत निधी कुठून येणार याची टिपणी असण्याची शक्यता मोठी आहे. ती मुलीला शोधायला सांगा. त्याखेरीज विद्यार्थी लेखा कार्यालयाला ई-मेल पाठवून तीन गोष्टी विचाराव्यात : खेळांच्या शुल्कात पुढील दोन वर्षांसाठी वाढ मंजूर झाली आहे का, ती पदव्युत्तर विद्यार्थ्यांना पूर्ण लागू होते का, आणि साहाय्यकाचे काम मिळाल्यास अनिवार्य शुल्कांपैकी कोणती माफ होतात. उत्तर लेखी मागवा, म्हणजे त्याची प्रत बँकेच्या प्रस्तावाला जोडता येईल, आणि कर्जाची मर्यादा मंजूर करून घेताना केवळ पहिल्या वर्षाचे शुल्कपत्रक न धरता दोन्ही वर्षांची अनिवार्य शुल्के स्वतंत्र दाखवा, कारण मर्यादा एकदा ठरली की मध्येच वाढवून घेण्यात फार वेळ जातो.